आधी एक वाटी भरवून दाखवा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या वृद्धनिवासाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आदरणीय चिटणीस साहेब, दर आठवड्याला आपल्या आजी-आजोबांची नाडी बघणारे आणि मंडळावरही असलेले डॉक्टर साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान, समोर बसलेली निवासातली सर्व वडीलधारी मंडळी, त्यांचे नातेवाईक, आणि खुर्च्या पाहुण्यांना देऊन मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

मी इथली कोठी सांभाळतो. धान्य, साबण, चादरी, औषधांची खोकी, एवढंच माझं राज्य. भाषणाची मला सवय नाही. आमच्या खेड्यातल्या शाळेत एकाच खोलीत सगळे वर्ग बसायचे, त्यामुळे मोठ्याने उत्तर दिलं की शेजारच्या वर्गाचा धडा मोडायचा. तेव्हापासून हळू बोलायची खोड लागली आहे. मागे ऐकू आलं नाही तर हात वर करा.

मघापासून बऱ्याच जणांनी मला विचारलं, व्यासपीठावर ही रिकामी चाकांची खुर्ची कशाला ठेवली आहे, कुणी यायचंय का? यायचंय. त्याबद्दल शेवटी सांगतो.

सिस्टरांच्या गुणांबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मायाळू. तिन्ही शब्द खरे आहेत, पण ते कुठल्याही निरोप समारंभात कुणालाही चालतात. मला त्यांची अशी एक गोष्ट सांगायची आहे, जी दुसऱ्या कुणाला चालणार नाही. खरं सांगायचं तर ती आपल्या मंडळालाही कधी फारशी चालली नाही.

इथे कामाला येणाऱ्याला सिस्टर समोर बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि त्याच्यादेखतच त्याच्या आधीच्या ठिकाणी फोन लावायच्या. फोनवर त्यांचा प्रश्न एकच असे: "तुमच्याकडे होते ते आमच्याकडे येऊ म्हणताहेत. तुम्ही त्यांना पुन्हा घ्याल का?" माणूस कसा होता असं विचारलं की लोक चांगलंच सांगतात, असं त्या म्हणायच्या. पुन्हा घ्याल का म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात सगळं कळतं.

फोन झाला की सिस्टर उठून या खुर्चीत बसायच्या. हात चादरीखाली, डोळे मिटलेले. शेजारी स्टुलावर लापशीची वाटी आणि चमचा. मग म्हणायच्या, "आता मला भरवा."

हसू आलं ना? मंडळालाही आलं होतं. ही नोकरभरती आहे की भातुकली, असं एका बैठकीत विचारलं गेलं. कोणी विचारलं ते सांगत नाही. ते व्यासपीठावर आहेत आणि आज त्यांनी छान जाकीट घातलं आहे.

पण त्या भातुकलीत काय काय दिसायचं, ऐका. येणारा उभ्यानेच भरवतो की खाली बसतो? घास तोंडाशी नेण्याआधी सांगतो का, की आता गरम आहे, आता गोड आहे? पहिला घास गिळेपर्यंत थांबतो, की दुसरा चमचा दाराशी उभा करून ठेवतो? हनुवटीवर सांडलं तर हनुवटी पुसतो, की टेबल पुसावं तसं पुसतो? डोळे मिटून बसलेल्या बाईला हे सगळं कळायचं. डोळे उघडे ठेवून मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं असतं का? मला शंका आहे.

मी स्वतः या परीक्षेला बसलो आहे. मी म्हटलं, सिस्टर, मला कोठीत बसायचंय, भरवायचंय कुणाला? त्या म्हणाल्या, इथे प्रत्येकावर ती वेळ येते. मी चमचा भरला. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "पोतं भरताय का?" मला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. रात्रीच्या जेवणाला घरी बायकोवर सराव केला. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा भरवताय, तेही नोकरीसाठी. ती आज आली आहे, म्हणून खरं तेवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी मी पास झालो.

आता मागे दाराजवळ जे धिप्पाड गृहस्थ उभे आहेत, ज्यांना आपल्या सगळ्या आजी लाडाने दांडगोबा म्हणतात, त्यांच्याकडे बघा. लाजू नका हो. हे आले तेव्हा दाढी वाढलेली, आवाज घोगरा, बोलणं तुटक. मुलाखतीत मंडळातल्या एकाने यांना नुसतं बघूनच मानेने नकार दिला. सिस्टरांनी फोन लावला. पलीकडचे म्हणाले, साहेबांशी भांडतो, पण पेशंटसाठी भांडतो, आम्ही उद्या परत घेऊ. मग यांनी वाटी घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि सिस्टरांना विचारलं, आजी, लापशी आवडते का तुम्हाला? सिस्टर तेव्हा आजी व्हायच्या वयाच्या नव्हत्या, तरी पास केलं.

माझे वडील बाजारातून मडकं घेताना आधी टिचकी मारून वाजवायचे. कुंभार ओळखीचा होता, शेजारच्याच आळीतला, तरी वाजवायचे. कुंभारालाही त्यात अपमान वाटत नसे. उलट तोच म्हणायचा, वाजवून घ्या, मग माझ्या नावाने खडे फोडू नका. आणि आपण? पाणी ठेवायचं भांडं वाजवून घेतो. ज्याच्या हातात आपली म्हातारी माणसं द्यायची, तो माणूस मात्र न वाजवता घेतो. का? तर विचारणं बरं दिसत नाही.

बरं दिसत नाही. या तीन शब्दांनी या घराचं जे नुकसान केलंय ते उंदरांनी माझ्या कोठीचं केलं नाही.

अध्यक्ष महाराज, हा निरोपाचा कार्यक्रम आहे याची मला जाणीव आहे. पण ज्या गोष्टीमुळे सिस्टरांची शेवटची दोन वर्षं कष्टात गेली ती गाळून त्यांचा गौरव करायचा, म्हणजे घर जळत असताना रांगोळीचं कौतुक करण्यासारखं होईल. तेव्हा थोडं सोसून घ्या.

सिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. त्या रजेत आपल्याकडे एक मदतनीस आले. गोरेगोमटे, कपड्यांना इस्त्री, बोलण्यात साखर. त्यांना कुणी फोनवर विचारलं नाही, कुणी वाटी दिली नाही. ते मंडळातल्या कुणाचे तरी आहेत एवढं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे त्यांच्याशी अदबीने वागत. चहा आधी त्यांना, सुट्टी आधी त्यांना. आमच्या आजी मंडळींनी चार दिवसांत त्यांचं नाव ठेवलं, जावईबापू.

जावईबापूंचा वेग दांडगा होता. दुसऱ्याची एक वाटी भरवून होते तोवर यांच्या तीन झालेल्या असत. ताटं चाटूनपुसून परत यायची. आमची स्वयंपाकीण बाई मला म्हणाली, "दादा, म्हातारी माणसं एवढं कधीपासून जेवायला लागली? मला माझ्या हाताचा भरवसा आहे, पण एवढा नाही." मी चिटणीस साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, तुम्हाला काम संथ झालं तरी तक्रार, जलद झालं तरी तक्रार. सिस्टर रजेवरून आल्या, काठी टेकत पहिल्याच दिवशी म्हणाल्या, यांना एकदा माझ्या खुर्चीसमोर बसवा. तेव्हा उत्तर मिळालं, नेमणूक होऊन गेली आहे, आता परीक्षा घेणं बरं दिसणार नाही.

इथे मला माझ्या घरचं सांगायला हवं. दुसऱ्या रांगेत निळ्या शालीत बसली आहे ती माझी आत्या. माझी आई लवकर गेली. मला या आत्याने वाढवलं. झटका आल्यापासून तिची वाचा गेली आहे आणि उजवा हात चालत नाही. घर आणि काम दोन्ही सांभाळणं जमेना, म्हणून मी तिला इथे आणलं, कारण इथे मी दिवसभर असतो आणि इथे सिस्टर होत्या. सिस्टरांच्या रजेत तिच्या वाटीचं काम जावईबापूंकडे गेलं. मी दुपारी तिच्याकडे डोकावायचो तेव्हा ती माझा हात धरून नाकाला लावायची. मला वाटायचं, माया करते आहे.

ती सांगत होती. भरवताना तो तिचं नाक दाबून धरायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण किती सहज वापरतो. मी त्या दिवसापासून वापरलेली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी पाहिलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं. पण त्यांना धड दिसतच नाही असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. मग एका दुपारी घास भलत्या वाटेने गेला. आत्या निळी पडली. दांडगोबांनी तिला उचलून पालथं केलं, पाठीत थापट्या मारल्या, म्हणून ती आज इथे बसली आहे. पुढे छातीत जंतुसंसर्ग झाला, हॉस्पिटल झालं. मी तिच्या उशाशी बसून देवाचं नाव घेत होतो. मला देवाकडे तक्रार करायची नव्हती. देवाने नाक श्वासासाठी दिलं होतं, आणि बाकीचं माणसांवर सोपवलं होतं.

त्याच दिवशी सिस्टरांनी जावईबापूंच्या आधीच्या ठिकाणी फोन लावला. मी समोर उभा होतो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडच्या बाई एक क्षणही थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "भरवताना दांडगाई करतो म्हणूनच काढलं त्याला. आम्हाला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारलंच नाही."

एक फोन. तो सहा महिने आधी झाला असता तर? मी त्या माणसाला कोर्टात खेचावं, शिव्या द्याव्यात असं पुष्कळांनी सुचवलं. त्याच्यावर जी कारवाई व्हायची ती झाली. पण माझा राग त्याच्यावर जेवढा आहे त्याहून थोडा जास्त त्या न केलेल्या फोनवर आहे. साप चावतो, तो त्याचा स्वभाव. पण पाटी उचलताना खाली बघायचं काम आपलं असतं.

नंतर बैठक झाली. प्रश्न निघाला, याला आणलं कोणी? अध्यक्ष महाराज, आपण रागावणार नाही असं धरून सांगतो. डॉक्टर साहेब म्हणाले, मी त्याला चिटणीसांच्या ऑफिसात बसलेला पाहिला, मला वाटलं त्यांचा माणूस. चिटणीस म्हणाले, मी त्याला जिन्यात अध्यक्षांशी बोलताना पाहिला, मला वाटलं त्यांचा. आणि आपण म्हणालात, मी जिन्यात त्याच्याशी बोललो, कारण डॉक्टर त्याच्याकडे बघून हसले होते. म्हणजे तिघे सज्जन एकमेकांच्या भरवशावर उभे होते, आणि मध्ये पाय टेकायला जमीनच नव्हती. कुणाचंही मन वाईट नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्याची भीड राखली. आमच्या आत्याचीच एक म्हण आहे, बोलत होती तेव्हा सारखी म्हणायची: भीड भिकेची बहीण. इथे ती भीक एका मुकीच्या वाट्याला आली.

त्या बैठकीत एक विश्वस्त मला म्हणाले, तुम्ही एवढे श्रद्धाळू, रोज सकाळी दिवा लावता, माणसावर विश्वास ठेवायला नको का? मी त्यांना म्हटलं, विश्वास ठेवतो, म्हणूनच विचारतो. ज्याला विचारायचं नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवलेला नसतो, फक्त डोळे मिटलेले असतात. डोळे मिटायचे ते देवापुढे.

आणि चौकशी ही काही येणाऱ्याच्या विरुद्ध असते असं नाही. जावईबापू गेल्यावर काय झालं ते मागे भिंतीशी उभ्या असलेल्यांना विचारा. नातेवाईक प्रत्येक मदतनीसाच्या हाताकडे बघायला लागले. जेवणघरात कॅमेरे आले. दांडगोबांसारख्या माणसाला एका सुनेने तोंडावर विचारलं, तुम्ही मारत तर नाही ना? ते त्या दिवशी जेवले नाहीत, एवढंच. आधी नीट विचारून घेतलं असतं तर नंतर या सगळ्यांकडे संशयाने बघायची वेळ आली नसती. वाईट माणूस आत येतो तेव्हा पहिली झळ म्हाताऱ्यांना बसते, आणि दुसरी चांगल्या नोकरांना. आपण मालक मंडळींनी तेवढा विचार करायला हवा की नको?

असो. आता आजचं.

हॉस्पिटलातून आल्यापासून आत्याने तोंड मिटून घेतलं. माझ्या हातून घेत नाही, माझ्या बायकोच्या हातून घेत नाही. लहानपणी जेवताना तोंड न उघडून मी जिला रडवलं, तीच आता माझ्यापुढे ओठ घट्ट करून बसते. फक्त सिस्टरांच्या हातून जेवते. सिस्टर तिच्यासमोर खाली बसतात, आधी स्वतः एक चमचा खातात, मग नाकाला हात लागणार नाही अशा बेताने चमचा खालून नेतात, आणि थांबतात. किती वेळ लागेल तितका. गेला महिनाभर त्या दांडगोबांना शेजारी बसवून शिकवताहेत. आज सकाळी आत्याने दांडगोबांकडून दोन घास घेतले, तिसऱ्याला मान फिरवली. दोन घासांवर माणूस किती दिवस काढतो, हे डॉक्टर साहेबांना विचारा.

आज संध्याकाळी सिस्टर तिला भरवून मगच गाडीत बसणार आहेत. उद्या सकाळी त्या जागेवर नव्या सिस्टर येणार. आपलं माणूस कोणाच्या हाती जातंय हे मला समजावं म्हणून मी परवा ऑफिसात चौकशी केली. उत्तर आलं, काळजी नको, ओळखीतल्याच आहेत.

मी विचारलं, कुणाच्या?

तेव्हा मिळालं नाही ते उत्तर मी आज, सर्वांसमोर, हात जोडून मागतो. कुणाच्या ओळखीतल्या आहेत? आधीच्या ठिकाणी कुणी फोन केला?

डॉक्टर साहेब चिटणीसांकडे बघताहेत. चिटणीस साहेब अध्यक्षांकडे बघताहेत. साहेब, आपण डॉक्टरांकडे बघू नका. हे मी पूर्वी एकदा पाहिलं आहे.

त्या बाई चांगल्याही असतील. कदाचित सिस्टरांहून चांगल्या असतील. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही, कारण मला त्यांच्याबद्दल एक शब्दही माहीत नाही. तुम्हालाही नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

मंडळाने सिस्टरांना विचारलं होतं, निरोपाला काय भेट देऊ? त्या म्हणाल्या, काही नको, ऑफिसातली माझी चाकांची खुर्ची तेवढी हलवू नका. मंडळाला वाटलं, बाई हळवी झाली. आणि नव्या कपाटाला जागा हवी म्हणून मागच्याच आठवड्यात ती खुर्ची अडगळीच्या खोलीत गेली. काल दांडगोबांनी आणि मी ती काढली, पुसली, चाकांना तेल घातलं. हीच ती खुर्ची. हिच्यात कुणीतरी यायचंय असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. सिस्टर आता तिच्यात बसणार नाहीत. त्यांनी पुष्कळ लापशी खाल्ली. उद्या सकाळी नव्या बाईंसमोर या खुर्चीत, डोळे मिटून, हात चादरीखाली घेऊन, मंडळातलं कोण बसणार?

साहेब, आपण काहीतरी म्हणालात. सर्वांना सांगू? साहेब विचारताहेत, नव्या सिस्टरांच्या आधीच्या हॉस्पिटलचा नंबर कुणाकडे आहे का. नाही साहेब, आमच्यापैकी कुणाकडेच नाही. त्यांनाच विचारावा लागेल. विचारलेलं बरं दिसतं साहेब, करून बघा.

आणि खुर्ची? साहेबांनी मान हलवली. सभागृहाने पाहिलं आहे, म्हणून मी ती होकारार्थी धरतो. लापशी मी स्वतः कोठीतून काढून देईन, आमची स्वयंपाकीण बाई पातळ करील. सिस्टर पहिल्यांदाच हसताहेत आज. मघापासून फुलं घेऊन नुसत्या बसल्या होत्या.

आता फार ताणत नाही. सिस्टरांनी या घराला काय दिलं ते मोजता येणार नाही, आणि त्यांनाही ते मोजलेलं आवडणार नाही. परमेश्वर त्यांच्या गुडघ्यांना बळ देवो. त्यांच्या यजमानांचे आभार, त्यांनी इतकी वर्षं आम्हाला त्या दिल्या. ज्यांनी माईक आणला, सतरंज्या अंथरल्या, सगळ्या आजी-आजोबांना हळूहळू या सभागृहात आणलं आणि आता हळूहळू परत नेणार आहेत, त्या सर्वांचे आभार. आणि अध्यक्ष महाराज, आपण मला मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल आपले विशेष आभार.

माझ्याकडून लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, कुणाच्या घशाला लागला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. घाई नाही. सावकाश गिळा. मी थांबतो.